कपड्यांबद्दल विचारायचं तरी कसं? सांगली जिल्ह्यातल्या मुलाखती आणि माझी अडचण

कृष्णाकाठची

मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

सध्या मी एका संशोधन प्रकल्पासाठी मुलाखती घेते. विषय ढोबळमानाने असा: लोक काय घालतात, का घालतात, आणि गाव बदललं की कपडे कसे बदलतात. प्रकल्प परदेशातल्या विद्यापीठाचा, प्रश्नावलीही तिकडचीच. माझ्या वाट्याला सांगली जिल्हा आलाय. त्यात तीन प्रकारची घरं आहेत. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली कुटुंबं, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी केरळ-तमिळनाडूपासून पार उत्तरेपर्यंत पांगलेली. जतच्या पूर्व भागातली कन्नड बोलणारी घरं. आणि हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊसतोडीच्या टोळ्या.

प्रश्नावलीतला पहिला प्रश्न: "स्वतःसाठी कपडे निवडताना तुम्ही कशाचा विचार करता?" वाचायला सरळ आहे. विट्याजवळच्या एका घरात तो विचारला, तर त्या वहिनी काही न बोलता उठल्या आणि कपाटच उघडलं. वरच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातलेल्या साड्या. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी: "आत्या, वास्तुशांत", "जावेचा भाऊ, लग्न", एकीत नुसतंच "ही द्यायची नाही". ज्यांच्याकडून आली त्यांच्याच घरी आहेरात परत जायला नको, म्हणून ही नोंद. खालच्या कप्प्यात नेसणीतल्या. पिस्ता रंगाची माहेरच्या दिवाळीची, जांभळी नणंदेच्या लग्नातल्या मानपानाची, मोरपिशी डोहाळजेवणाची. कुठली कुणी दिली, कधी दिली, तेव्हा कोण रुसलं होतं, सगळं तोंडपाठ. स्वतः दुकानात जाऊन, स्वतःच्या पैशानं, स्वतःसाठी घेतलेली कुठली, हे विचारल्यावर मात्र शोधाशोध. शेवटी एक निघाली, भिशीच्या पैशातली. तिच्याबद्दल सांगताना आवाज एकदम खाली, कारण घरात किंमत निम्मीच सांगितलेली.

आता "निवड" या रकान्यात मी काय लिहायचं?

बाकीच्या अडचणी थोडक्यात. मुलाखत एकीची ठरते आणि बसतात सहा जणी. सुनेला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सासूबाई देतात, सून मान हलवते. जतला दुभाषी घ्यावा लागतो. बाई दोन-तीन मिनिटं हातवारे करून बोलतात, मधेच डोळ्याला पदर लावतात, आणि दुभाषी सर मला सांगतात, "त्यांना इरकल आवडतं." शिवाय माझे स्वतःचे कपडे. कुर्ता-लेगिंगमध्ये गेले तर मी "योजनेच्या मॅडम" होते आणि सगळ्यांच्या सांगण्यातले कपडे अचानक कमी होतात. साडी नेसून गेले तर आधी माझं आडनाव, मग माहेर, मग "म्हणजे तुम्ही कुणाच्यातल्या?" त्या उत्तरावर पुढची उत्तरं ठरतात.

ज्यांनी असं काम केलंय, किंवा ज्यांच्या दारात असं कुणी वही घेऊन आलंय, त्यांनी लिहा. थिअरी मिळते वाचायला. मला अनुभव हवेत.

टवाळ_कार्टं

पहिला नंबर! आमच्या घरी हे संशोधन दर लग्नसराईत होतं. निष्कर्ष: "घालायला काहीच नाही." कपाटाचं दार लागत नाही ही वेगळी बाब.

(गंभीर प्रतिसाद येऊ द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

शिलाईमशीन

ताई, मी गावभागात ब्लाऊज शिवते, लग्नाआधीपासून. मुलाखतीचं मला काय कळत न्हाई, पण बायका माझ्यापाशी काय बोलतात ते सांगते.

सासू-सुना मिळून येतात. सून म्हणते, "मागचा गळा लहानच ठेवा हं ताई." मी पण मोठ्यानं म्हणते, "लहानच ठेवते." संध्याकाळी फोन येतो, "ताई, दोन बोटं खाली घ्या, आणि नाडी लावा. लटकन आणून देते." हे काय एका घरचं न्हाई. कापड फाडण्याआधी फोनची वाट बघायची हे मला आता सवयीचं झालंय. तर तुमची मुलाखत दोनदा झाली पाहिजे. एकदा सगळ्यांपुढं, एकदा एकटीशी. पहिलीतलं उत्तर खोटं असतंय असं न्हाई. सासूपुढं काय बोलायचं ते पण तिनंच ठरवलेलं असतंय की.

आणि एक. रोज काय घालता विचारलं की सगळ्या "साडी" सांगणार. सांगताना अंगात गाऊन, खांद्यावर ओढणी नाहीतर टॉवेल! दूध घ्यायला गाऊन, भाजीच्या गाड्यावर गाऊन, पोरांना शाळेच्या रिक्षात बसवायला गाऊन. गाऊनला खिसा लावा, गाऊनची चेन बदला, हे माझं रोजचं काम आहे. पण कपड्यात कुणी धरतच न्हाई त्याला. विचारणारीला वाटतं दिसतंय तर आहे, सांगणारीला वाटतं ह्यात काय सांगायचं. तुमच्या वहीत गाऊन किती वेळा आलाय ते बघा बरं.

कृष्णाकाठची

@शिलाईमशीन, आत्ता वही चाळली. एकदाही नाही. आणि बसलेल्या बायकांतल्या निम्म्या तरी गाऊनमध्ये होत्या. दंडवत घ्या.

पूर्वभाग_जत

मी त्याच भागातला, घरात कन्नड, शाळा मराठी. तुमच्या दुभाषी सरांची बाजू आधी घेतो. शिक्षक माणूस गावात राहतो. बाईनं जे सांगितलं त्यात भावकीचा वाद असेल, नवऱ्याची दारू असेल, ते बाहेरच्या माणसापुढं कसं बोलायचं, म्हणून तो गाळतो. मुद्दाम खोटं सांगत नाही, गावाची अब्रू राखतो.

उपाय दोन. एक, दुभाषी म्हणून त्याच गावातला पुढारी, मास्तर किंवा सदस्य नको. विजापूरकडून जत तालुक्यात दिलेल्या आणि मराठी शिकलेल्या सुना असतात, त्यातली एखादी दुसऱ्या गावातली गाठा. दोन, परवानगीनं रेकॉर्ड करा आणि नंतर दुसऱ्याच कन्नड जाणकाराकडून शब्दन् शब्द उतरवून घ्या. मग कळेल तीन मिनिटांत काय काय होतं.

अजून एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतची ४० गावं कर्नाटकात घ्यायचा विषय काढला आणि त्यानंतर महिनाभर आमच्याकडं कॅमेऱ्यांची जत्रा होती. तुम्ही कुठले, घरात काय बोलता, कुठं जायचंय? खरा विषय पाण्याचा होता, पण टीव्हीवर बायकांची इरकलं आणि कन्नड पाट्या दाखवून वेगळंच चाललं होतं. तेव्हापासून वही घेऊन कुणी "तुमचा पोशाख, तुमची भाषा" म्हणाला की माणसं सावध होतात. त्यात चूक काही नाही.

इरकल नेसणं म्हणजे कर्नाटकी असणं, हे डोक्यातून काढा. ज्यावरून इरकल हे नाव पडलं ते इलकल गाव बागलकोट जिल्ह्यात आहे हे खरं. पण लाल रेशमी पदर अंगाच्या सुताला कोंडी घालून जोडलेलं ते लुगडं कृष्णेच्या अल्याड-पल्याड पिढ्यान्‌पिढ्या नेसलं गेलंय. माझ्या मराठी मावशीकडं आईपेक्षा जास्त इरकलं होती.

वाचनवेडा

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

धागाकर्तीने थिअरी नको म्हटलंय तरी एक लिहितोच. जॉर्ज झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये फॅशनबद्दल मांडणी केली होती: वरच्या थरातले जे घालतात ते खालचे उचलतात, खाली पोचलं की वरचे ते टाकून नवीन काही धरतात, आणि चक्र चालू राहतं. या चष्म्यातून तिन्ही गट पाहता येतील. आणि मुलाखतीत माणूस समोरच्याला आवडेल असं उत्तर देतो, हे तर जगभर होतं. त्याला सर्वेक्षणशास्त्रात उपायही आहेत: प्रश्न आडून विचारणे, शेजारणीबद्दल विचारणे वगैरे.

शिलाईमशीन

@वाचनवेडा दादा, इथं उलटं पण चालतंय. गुळेदगुड्डचा खण म्हणजे आमच्या आज्ज्यांच्या चोळीचं कापड. मधी वीस-पंचवीस वर्षं कुणी हुंगत नव्हतं, म्हातारीचं कापड म्हणायचे. आता कॉलेजच्या पोरी खणाचा वनपीस शिवून मागतात, वर नथ छापलेली पर्स. आणि त्यांच्या आज्जीला पाहिजे सिंथेटिक साडी! धुतली की वाळली, इस्त्री नको. आज्जी म्हणते, "आमी त्यातनं सुटलो, ह्या पोरी परत घुसल्या." ह्यात वर कोण, खाली कोण, तुमच्या साहेबांना विचारून सांगा.

शेजारणीबद्दल विचारायची आयडिया आमच्या गल्लीत करू नका. मुलाखत संपणार न्हाई.

टवाळ_कार्टं

=)) =)) झिमेल साहेब क्लीन बोल्ड.

निवृत्त_मास्तर

साताऱ्याहून लिहितो. प्रश्नावलीत कुठेतरी "तुमचा पारंपरिक पोशाख कोणता?" असा प्रश्न असणारच. असेल तर तो जपून विचारा.

कपड्यांविषयी वही घेऊन विचारण्याची आपल्याकडची पद्धत जुनी आहे आणि ती सरकारी आहे. १८८५ चे सातारा गॅझेटियर उघडून पाहावे. अमुक जातीचे पुरुष काय नेसतात, बायका काय ल्यातात, अशी जातवार वर्णने आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांची नोंद आणि हजेरी तर १९५२ मध्ये तो कायदा जाईपर्यंत सुटली नाही. त्यांच्या वस्तीत आज तुम्ही फोटो आणि नाव मागितलेत, तर पणजोबांच्या काळापासूनचा अनुभव तुमच्यासमोर उभा राहतो.

दुसरे. पोशाख ही सगळ्यांनी हौसेने जपलेली गोष्ट नव्हती. बाबासाहेबांची शाळा साताऱ्यात १९०० साली सुरू झाली, त्या दिवसाचा विद्यार्थी दिन आपण ७ नोव्हेंबरला साजरा करतो. त्याच बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांपुढे लुगड्याविषयी भाषण केले. आखूड लुगडे आणि गळ्याहातांतले जड दागिने ही अस्पृश्य म्हणून ओळखू येण्याची खूण आहे, ती टाका, लुगडे इतर स्त्रियांसारखे पायापर्यंत नेसा, असा त्याचा आशय होता. बायकांनी ते लगेच अमलात आणले. आता अशा घरातल्या आजींना "तुमचा पारंपरिक पोशाख सांगा" म्हणणे म्हणजे त्यांनी जे ठरवून टाकले, तेच परत अंगावर घाला म्हणण्यासारखे आहे.

सडेतोड_सातारकर

मास्तर, आदर राखून. कपड्यांच्या धाग्यात पण जात आणायलाच हवी का? आता मॉलमधून सगळे सारखेच कपडे घेतात. कुणाच्या जीन्सवर जात लिहिलेली नसते.

निळी_शाई

@सडेतोड_सातारकर, जीन्सवर नसेल. जीन्स कुणी घातल्यावर कोण काय बोललं, ते विचारून बघा कधी.

मास्तरांच्या प्रतिसादात भर घालते. आमच्या आजीकडे एकदा एका कॉलेजच्या मुली "लोकसंस्कृती"चा प्रकल्प घेऊन आल्या. मुली गोड होत्या, आजीनं चहा केला. मग त्यांनी आजीला नऊवारी नेसून, डोक्यावर पाटी घेऊन, चुलीपाशी उभं राहा म्हटलं. आजी अंगणवाडीत नोकरी करून निवृत्त झालेली, पाचवारी नेसणारी, चष्म्याला साखळी लावणारी. म्हणाली, "लुगडं नेसते बाळांनो, लग्नातलं आहे माझं. पाटी नाही घ्यायची. ती तुमच्या मास्तरणीला द्या." फोटो निघाला तो पाचवारीत, खुर्चीवर बसून, हातात पेपर.

त्या मुलींनी प्रकल्पात तो लावला की नाही, माहीत नाही.

कृष्णाकाठची

@निळी_शाई, आजींना नमस्कार.

@मास्तर, "पारंपरिक पोशाख" आहे हो प्रश्नावलीत, चौथ्या क्रमांकाला. मग विचारायचं कसं? तो विषय पूर्ण टाळला तर हे असले अनुभवही येणार नाहीत.

निवृत्त_मास्तर

टाळू नका, फिरवा. "तुमच्या आईनं काय घालायचं बंद केलं, कधी आणि का?" असे विचारा. सोडून दिलेल्या गोष्टीबद्दल माणसे मोकळी बोलतात. डोक्यावरचा पदर, कुंकवाचा आकार, कासोटा, धोतर, पटका, कानातली भिकबाळी. कुणी नोकरीसाठी सोडले, कुणी सायकल चालवायची म्हणून, कुणी अपमान नको म्हणून. विधवा झाल्यावर सोडावे लागले तेही त्यातच येईल, तेव्हा विचारताना समोर कोण बसले आहे याचे भान ठेवा.

त्रिशूरची_सून

मी तुमच्या पहिल्या गटातली! माहेर आटपाडी तालुका, सासर खानापूर, संसार त्रिशूरला. नवऱ्याचं गलाईचं दुकान. तेव्हा वही घेऊन येतात ना, ते माझ्या दारात येतात. इथं पण आणि तिथं पण.

एक प्रश्न हमखास असतो: रंगांचा तुमच्यासाठी अर्थ काय? आता मी काय सांगू? त्रिशूरमध्ये ओणमला आम्ही सगळ्या मराठी बायका सोनेरी काठाची पांढरी कसवू साडी नेसतो, शेजारणींसोबत फुलांची रांगोळी घालतो. तीच साडी एकदा यात्रेला गावाकडं नेसले. चुलत सासूबाईंनी ओसरीतूनच ओरडून विचारलं, "पोरी, पांढरं का गं अंगावर?" मी आत जाऊन हिरवी नेसून आले. साडी तीच, बाई तीच. त्रिशूरला विचाराल तर पांढरा सणाचा, खानापुरात विचाराल तर नको गं बाई. दोन्ही उत्तरं माझीच आणि दोन्ही खरी.

मंगळसूत्राचं पण तसंच. काळे मणी बघून तिथं ओळखतात की ही मराठी. दुकानात बसताना मी लांब घालते, दिसावं म्हणून. गावी आल्यावर छोटं घालते, कारण इथं दाखवायचं कुणाला?

सांगायचं एवढंच की आमच्यासारख्यांना एका ठिकाणी गाठून चालणार नाही. मे महिन्यात सगळे गावी असतात म्हणून तुम्ही मे मध्ये येता. तेव्हा आम्ही गावच्या कपड्यात आणि गावच्या तोंडानं बोलतो. तिकडच्या दुकानात येऊन बसा एकदा.

मिल्ट्रीवाल्यांची_लेक

@त्रिशूरची_सून +१. आमचं गाव साताऱ्याजवळ, अपशिंग्यासारखंच घराघरात फौजी. आई वडिलांबरोबर पंजाब, आसाम, सगळीकडं क्वार्टरमध्ये राहिली. तिथं पंजाबी ड्रेस, थंडीत वडिलांचा जुना स्वेटर. सुट्टीवर निघाल्यावर रेल्वेत ड्रेस, आणि सातारा स्टँडवर उतरलं की तिथल्या खोलीत जाऊन साडी. आम्ही बॅगा राखत बाहेर उभे. गावच्या एसटीत चढायच्या आत डोक्यावर पदर. परतीला त्याच स्टँडवर उलटं. आईला विचारलं तर ती शपथेवर सांगेल की तिनं कायम साडीच नेसली.

चिटबॉय

साखर कारखान्याच्या शेती खात्यात आहे, टोळ्यांशी रोजचा संबंध. ताई, ऊसतोडीवाल्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, टोळी आणणाऱ्या मुकादमाला सांगून मुलाखत ठरवू नका. तो हजर राहणार, आणि ज्याच्याकडनं आगाऊ पैशांची उचल घेतलीय त्याच्यापुढं कोण बोलणार? "काय कमी न्हाई साहेब" एवढंच ऐकायला मिळेल. तुम्ही काय भेट म्हणून देणार असाल तर ती पण मुकादमाच्या हातात देऊ नका.

दुसरी, तुमचा तो संमतीचा कागद. इथल्या माणसानं आयुष्यात कागदावर अंगठा दिलाय तो उचल घेताना. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्याची उचल अमुक इतकी, कर अंगठा. त्यामुळं कागद पुढं केला की बाई नवऱ्याकडं बघते, नवरा मुकादमाकडं. सही-अंगठ्याचा नाद सोडा. काय विचारणार, कुठं वापरणार, नको वाटलं तर कधीही थांबवता येईल, हे तोंडी सांगून त्यांचा होकार रेकॉर्ड करा. नियमात बसतं का तुम्ही बघा, पण माणसात बसतं.

तिसरी, वेळ. पहाटे फडात, म्हणजे उसाच्या रानात, गाडी भरायला रात्र. संध्याकाळी त्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, गेलात तर भाकरी थापता थापता बोलतील, पण तुमच्यामुळं जेवण लांबतंय हे विसरू नका. कारखाना बिघाडानं बंद पडला की तोड थांबते, तो दिवस धरा. मी कळवीन.

कपड्यांचं म्हणाल तर एकच सांगतो. फडात प्रत्येक बाईच्या साडीवर नवऱ्याचा किंवा भावाचा फुल बाह्यांचा शर्ट असतो, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. उसाची पात हात चिरते, तिच्यावरची बारीक कूस अंगभर टोचते. त्यांच्या अंगावरचा सगळ्यात कामाचा कपडा तो. पण फोटो काढायला गेलं की आधी शर्ट काढून ठेवतात, केस नीट करतात. माणसाला चांगलं दिसायचं असतं. तुमच्या फोटोत मग शर्ट येतच नाही.

शिलाईमशीन

शर्टाचं खरं आहे. आमच्याकडं जुन्या बाजारात फुल बाह्यांचे शर्ट घ्यायला हंगामाच्या तोंडावर बायकाच जास्त असतात. कॉलर उलटून शिवून द्या म्हणतात.

चामड्याची_वही

माझे मामा कोल्हापुरी चपला करतात. २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो महाराष्ट्र-कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना, त्यात सांगली-सातारा दोन्ही आहेत, हे लोकांना माहीतच नसतं. मग २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि मामांचा फोन थांबेना. पत्रकार, विद्यार्थी, डिझाइनवाले. सगळ्यांचा प्रश्न एकच, "तुम्हाला कसं वाटलं?"

मामांनी सुरुवातीला कौतुकानं उत्तरं दिली. नंतर एकाला म्हणाले, "तुमी दोन तास बसला, तेवढ्यात माझा एक जोड झाला असता. वाटण्याचं सोडा, जोड घेताय का?" 

माझं म्हणणं, मुलाखतीचे पैसे द्यावेत. निदान बुडालेल्या कामाचे.

सडेतोड_सातारकर

याला विरोध. पैसे दिले की माणूस पैशासाठी बोलणार. मग काय ते संशोधन? उद्या गावात अफवा, अमक्या मॅडम मुलाखतीला पैसे वाटतात, आणि रांग लागेल.

चामड्याची_वही

मुलाखत घेणाऱ्या मॅडमना पगार आहे ना? त्या पगारासाठी विचारतात, म्हणून त्यांचे प्रश्न खोटे होतात का?

कृष्णाकाठची

@चामड्याची_वही, पगार आहे, आणि मुद्दा लागलाय. पैशाचं प्रकल्पाच्या प्रमुखांकडे मांडलंय. फडातल्या माणसांना बुडालेल्या वेळाचे द्यावेत, घरातल्या गप्पांना देऊ नयेत असं माझं मत. सगळ्यांना सारखंच पाहिजे असं तिकडून उत्तर आलंय. भांडतेय.

त्याहून मोठं भांडण प्रश्नांवरून आहे. इथले प्रतिसाद वाचून मी प्रश्नांची फिरवाफिरव सुचवली. निवडीच्या प्रश्नाऐवजी "या कपाटातली तुमच्याकडं सगळ्यात आधी आलेली कुठली, कुणाकडून?" तिकडचं म्हणणं, प्रश्न बदलले तर दुसऱ्या देशांतल्या उत्तरांशी तुलना कशी करणार? मराठी भाषांतर त्यांनी परत इंग्रजीत उलटवून तपासलंय, शब्दन् शब्द जुळतो. शब्द जुळतो हो, पण विट्याच्या कपाटापुढं तो प्रश्न उभा राहत नाही, त्याचं काय?

वाचनवेडा

भांडू नका, दोन्ही ठेवा. आधी कपाट, ट्रंक, दोरीवरचे कपडे, एकेक वस्तू हातात घेऊन बोलणं. त्यांचा मूळ प्रश्न जसाच्या तसा सगळ्यात शेवटी. तुलना त्यांना मिळेल, आणि तोपर्यंत बाईंच्या डोळ्यासमोर स्वतःच्या खऱ्या साड्या असतील. शिवाय आधीचं उत्तर आणि शेवटचं उत्तर यांत फरक पडला, तर तो फरकच लिहिण्यासारखा. (झिमेलचा विषय मी काढत नाही.)

निळी_शाई

चांगला उपाय. पण एक राहिलं. नावं बदलून लिहिणार असाल, ते पुरणार नाही. आपल्याकडं गाव छोटं, आणि कपड्यांचं वर्णन म्हणजे माणसाची ओळखच. "सविता (नाव बदललेले), वय ४०, बॉबकट, गावात एकटीच जीन्स घालते" असं लिहिलंत की गावातलं शेंबडं पोरही सांगेल कोण ते. भिशीतून घेतलेल्या साडीची किंमत घरात निम्मी सांगितल्याचं तुम्ही वर लिहिलंय. चिठ्ठ्या, रंग, तालुका सगळं आहे. त्यांच्या घरचं कुणी इथं वाचत असेल तर?

कृष्णाकाठची

@निळी_शाई, तेवढं आधीच सांभाळलंय. त्या वहिनींना विचारून लिहिलंय, आणि रंग, प्रसंग, नाती बदलली आहेत. विट्याजवळचं म्हटलंय ते घर विट्याजवळचं नाही. "ही द्यायची नाही" तेवढं खरं ठेवायला त्यांनीच सांगितलं.

अहवालात मात्र हे अवघड जाणार आहे. एका घरातल्या तपशिलाला दुसऱ्या घरातला जोडायचा का, फोटोत चेहरा झाकून साडी दाखवली तरी ब्लाऊजच्या शिलाईवरून ओळखतील का...

शिलाईमशीन

ओळखतील. मी तर नक्की ओळखीन. पायपिंग कुणाचं आणि हुक कुणी लावलेत ते मला लांबनं कळतं. फोटो छापायच्या आधी मला दाखवून न्या.

पूर्वभाग_जत

धागाकर्ती, दुभाषाचं जमवलंय. माझी मामेबहीण, उमदीकडची, बी.ए. झालेली, दोन्ही भाषा पक्क्या. तिला बसचं भाडं आणि दिवसाची मजुरी द्यायची, त्याला तुमच्या प्रमुखांनी सारखं-वेगळं करू नये. येताना बाजाराचा दिवस टाळा, बायका घरी नसतात. आणि साडीत या किंवा कुर्त्यात या, आडनाव विचारणारच. जोंधळ्याची काढणी सुरू व्हायच्या आत या म्हणजे झालं.

चिटबॉय

ताई, इकडं उद्या बहुतेक मिल बंद राहील, बॉयलरचं काम निघालंय. टोळी ओढ्याकाठच्या माळावर आहे. येणार असाल तर सकाळी दहाच्या आत या, नंतर सगळी धुणं घेऊन ओढ्याला जातात. मुकादम गावी गेलाय.